गर्दी कधी नसते?

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज दातांच्या डॉक्टरनंसुद्धा! तोंडात त्याची दोन-दोन अवजारं, गाल सुन्न, लाळ गळतेय, आणि तो विचारतो — "तुम्ही पार्कात असता ना? मुलांना आणायचंय. गर्दी कधी नसते हो?" आता मी काय बोलणार, कप्पाळ! नुसतं "आँ आँ" केलं. तर म्हणे, "मंगळवार का?" आणि स्वतःच खूश होऊन दाढ कोरायला लागला.

सतरा वर्षं झाली मला दोन नंबरच्या तिकीटखिडकीत बसून. सतरा वर्षांत कुणी मला दुसरं काही विचारल्याचं आठवत नाही. वाणी विचारतो. वरच्या मजल्यावरची विचारते. नणंदेच्या सासरची माणसं — ज्यांना मी जन्मात एकदा पाहिलंय, तेही पाठमोरं — ती फोन करून विचारतात. कशी आहेस, पाठ दुखते का, त्या डबीत दिवसभर उकडत नाही का — छे! गर्दी कधी नसते!

बरं, सांगून तरी कोण ऐकतं? सोमवार रिकामा असतो असं सगळ्या शहाण्यांनी ठरवून टाकलंय. त्यामुळे सोमवारी सगळे शहाणे एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे! आभाळ भरून आलं की पार्क ओस पडतो, पण तेव्हा यांना घरातून निघवत नाही. मोठा सामना असतो त्या दुपारी आकाशपाळणा रिकामाच गरगरत असतो. परीक्षेच्या आधीचा आठवडा चांगला. पगाराच्या आधीचाही. आणि सगळ्यांत पक्की वेळ म्हणजे मंगळवार, सकाळी साडेदहा ते बारा. मंगळवारी सकाळी टक्कर-गाड्या तेलपाण्यासाठी बंद असतात, म्हणून पोरं हट्ट करत नाहीत आणि आईबाप फिरकत नाहीत. त्या दीड तासात मी स्वेटरच्या बारा ओळी विणते.

ही माझी सतरा वर्षांची कमाई. फुकट वाटायला बसलेली नाही मी.

५ नोव्हेंबर, बुधवार

दाढ ठणकतेय. शाळेच्या चार बसगाड्या. "एक मोठं, तीस लहान. एक मोठं, बत्तीस लहान." डबा तसाच परत आणला.

१० नोव्हेंबर, सोमवार

लेकीचा फोन आला.

अकरा महिन्यांनी! सकाळचे साडेआठ, केस ओले, गॅसवर दूध, आणि फोनवर तिचं नाव. हातातला कंगवा खाली पडला. इथे कोण वाचायला बसलंय, लिहायला लाज कसली — पडला! मनात म्हटलं, आली वळणावर. आता रडेल. "आई, चुकलं" म्हणेल. मी थोडा वेळ काही बोलणार नाही, आणि मग म्हणेन, "जेवलीस का?" दोन रिंगांत एवढं सगळं ठरवून टाकलं मी!

तर बाईसाहेब काय म्हणाल्या? "आई, पार्कात गर्दी कधी नसते गं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तो वाणी परका, तो डॉक्टर परका. पण ही? हिलाही तेवढंच हवंय माझ्याकडून? मी म्हटलं, "कोणासाठी?" तर म्हणे, "आम्ही दोघी येऊ म्हणतोय. मी आणि ती."

ती म्हणजे त्याची पोर. पहिलीतली. लेकीनं लग्न केलं ते एका पोरीच्या बापाशी, त्याची पहिली बायको वारलेली. माझी मुलगी चांगली कचेरीत टेबल-खुर्चीवर बसत होती, सही होती तिची कागदांवर. ती खुर्ची सोडून दुसरीच्या पोरीच्या वेण्या घालायला गेली! जाताना मी म्हटलं होतं, "जायचं तर जा. पण त्याचं पोर घेऊन माझ्या दारात यायचं नाही." रागात माणूस शंभर गोष्टी बोलतो. पण हिनं ती एकच धरून ठेवली आणि अकरा महिने फिरकली नाही. राग नाकावर! कुणावर गेलीय कोण जाणे.

आणि आज त्या पोरीला पाळण्यात बसवायचंय म्हणून आई आठवली!

मी म्हटलं, "शनिवार. दुपारी चार. अगदी शुकशुकाट."

शनिवार दुपारी चार! मुंगीला शिरायला वाव नसतो. रांग फाटकातून बाहेर, गाड्यांच्या तळापर्यंत. ती म्हणाली, "शनिवार?"

"सतरा वर्षं बसतेय तिथे," मी म्हटलं.

"बरं. शनिवारी चार." तिला अजून काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

दूध खरंच उतू गेलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना सांगितलं. हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात — दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून धडपड, आणि घरात पुढ्यातला चमचा सापडत नाही! ऐकून म्हणाले, "अगं, पण शनिवारी चारला तर..."

म्हटलं, "तुम्ही तुमच्या काचा घासा."

चष्मा पुसत बसले. हे दर महिन्याला दुकानातून तिला फोन करतात. मला माहीत नाही असा त्यांचा समज आहे. मी मुद्दामच सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरी असेल ना?" तर पकडले गेले तरी कळलं नाही ह्यांना, म्हणतात, "बरी आहे म्हणते. बाकी काही बोलत नाही. जावयांशी बोलणं होत नाही, कधीही विचारा, कामावर असतात." म्हटलं, असणारच! घरात फुकटची आई मिळालीय पोरीला, बाप कशाला घरी बसेल?

१२ नोव्हेंबर, बुधवार

चांगली अद्दल घडू दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनदा फोन हातात घेतला. दोनदा नंबरापर्यंत गेले. शेवटी वाण्याला लावला आणि साबण मागवला. साबण घरात होता.

सहा-सात वर्षांची पोर शनिवारच्या रांगेत! काल सुट्टी होती तर दिवसभर तेच डोक्यात. मी त्या पोरीला पाहिलेलंसुद्धा नाही. तिनं माझं काय घोडं मारलंय? पण मग वाटतं, मी का कळवू? अकरा महिने जिनं आईला विचारलं नाही, तिच्यासाठी मी का पाघळू? येईल, गर्दी बघेल, जाईल परत. मरत नाही कुणी रांगेत. मी सतरा वर्षं रोज बघतेय, अजून तरी कुणी मेलेलं नाही.

ह्यांनी आज जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर भांडले असते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाय सुजून भोपळे झालेत, तरी लिहिणार. आजच्यासारखा दिवस सतरा वर्षांत झाला नसेल!

गर्दी तर होतीच. चार वाजता माझ्या खिडकीसमोरची रांग किती लांब होती ते मला दिसत नाही, आवाजावरून कळतं. दिसणार कसं? साहेबांनी काचेवर बाहेरून नियम चिकटवून ठेवलेत — बाहेरचं खाणं आणू नये, ओले कपडे घालून गाडीत बसू नये, दिलेलं तिकीट परत घेतलं जाणार नाही — एकावर एक, एकावर एक. बोटभर काच मोकळी नाही. खाली तिकीट सरकवायची फट तेवढी उघडी. त्यामुळे माणसं कशी असतात हे मी विसरले आहे. मला हात दिसतात. चिकट हात, अंगठ्यांचे हात, मेंदीचे हात, पैसे मुठीत घट्ट धरून ठेवणारे कंजूष हात. बोलायला माईक आहे, त्यातून बायका-पुरुष सगळे सारखेच खरखरतात.

आणि माणसं तरी कशी! एकानं फटीतून अर्धं खाल्लेलं आइस्क्रीम आत ठेवलं — "जरा धरा, पाकीट काढतो!" एकीनं पाच लहान तिकिटं मागितली आणि त्यातल्या एकाला मिशा होत्या, फटीत आलेल्या त्याच्या केसाळ मनगटावरून कळलं मला. एक बाई खिडकीशी आली आणि तोंडच उघडेना! हात फटीत येऊन नुसता थांबला. भेगा पडलेला, अंगठ्याला चिकटपट्टी, नखं झिजलेली. म्हटलं, बोला! खरखर नुसती. म्हटलं, "अहो बाई, मागे लोक खोळंबलेत, जीभ घरी ठेवून आलात का?" तेव्हा कुठे दोन बोटं वर झाली. "पोर पट्टीच्या वर की खाली?" — भिंतीवर उंचीची पट्टी मारलीय, तिच्या खाली असलं तर लहान तिकीट. ह्यावरही उत्तर नाही! तेवढ्यात शेजारून एक चिमुकला हात फटीत आला आणि माझ्या शिक्क्याला बोट लावून बघायला लागला. "लहान," मीच ठरवलं, आणि त्या हातावर हलकी चापट मारली. शिक्क्याची शाई जात नाही आठवडाभर! एक मोठं, एक लहान. "चला पुढे!" तरी तो मोठा हात जागेवरच. दुसऱ्यांदा ओरडावं लागलं. असली गिऱ्हाइकं!

लेक काही दिसली नाही. म्हणजे कुणीच दिसत नाही मला, पण ती आली असती तर बोलली असती. नाही आली. बरं झालं.

खरा तमाशा पुढेच. आठ वाजता पार्क बंद होतो. आमच्याकडे पद्धत अशी की, दिवसभरात जेवढी तिकिटं गेली तेवढी माणसं बाहेर पडलेली दिसली पाहिजेत, त्याशिवाय दिवे घालवायचे नाहीत. बाहेरच्या फाटकावर एक मुलगी बसते. हातात मोजायचं यंत्र, माणूस बाहेर पडलं की अंगठा दाबते, टिक. तिला सगळे टिकटिकीच म्हणतात. तर आज टिकटिकीच्या यंत्रात दोन माणसं कमी! तिकिटं गेली तेवढी, बाहेर पडली त्याहून दोन कमी. म्हणजे दोघं आतच!

मग काय, सगळ्यांच्या हातात विजेऱ्या. साहेब कमरेवर हात ठेवून उभे, आणि आम्ही बाग पालथी घालतोय. भुताच्या घरात शिरले, तिथल्या सांगाड्याशी टक्कर झाली. आरसेघरात शिरले, तिथे दहा ठिकाणी मीच, दहाही संतापलेल्या. छोट्या आगगाडीचे डबे बघितले, घसरगुंडीच्या नळ्यांत वाकून हाका मारल्या — "अहो! कोण आहे का?" साडेनऊपर्यंत! कोण दोन नतद्रष्ट माणसं असतील ती, त्यांना मनातल्या मनात एवढ्या शिव्या दिल्या की ज्याचं नाव ते. शेवटी साहेब म्हणाले, मोजण्यात चूक झाली असणार. टिकटिकी म्हणाली, "साहेब, मी नाही चुकले." मी तिथेच म्हटलं, "मग काय हवेत विरली? फोनवर बोलत असशील!"

बोलायला नको होतं कदाचित. पण पायांची काय अवस्था झाली होती!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज शांतपणे विचार केला आणि आणखीच चिडले. आली नाही म्हणजे काय? मला विचारते कशाला मग? आणि समजा आली असेल, आणि एक किंवा तीन नंबरच्या खिडकीवरून तिकीट काढून आत गेली असेल तर? आई दहा पावलांवर बसलेली, आणि तोंड फिरवून जाते! हीच माया! हिचे दात येत होते तेव्हा रात्र-रात्र खांद्यावर घेऊन फिरले, ते काय ह्यासाठी?

साहेबांनी कालचा अहवाल मागितला. बाहेर पडताना जमा झालेली तिकिटं खिडकीवार लावली, तर कमी पडलेली दोन माझ्याच खिडकीची निघाली. एक मोठं, एक लहान. म्हणजे बोट माझ्याकडे! मी लिहून दिलं — "तिकिटं नियमाप्रमाणे दिली. बाहेर पडणाऱ्यांची मोजणी करताना हलगर्जीपणा झाला आहे." खाली सही ठोकली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टिकटिकीला आठवडाभर गाड्यांच्या तळावर घातलं. उन्हात, शिट्टी घेऊन. दुपारी पाणी प्यायला आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "ताई, मी खरंच चुकले नाही हो. ते दोघं आत गेलेच नसतील."

म्हटलं, "तिकीट काढून कोण घरी जातं गं?"

पाणी प्यायली आणि गेली. मला त्या मुलीचं वाईट वाटतंय असं नाही. पण स्वेटरच्या सात ओळी चुकल्या, उसवल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कसं लिहू. लिहिते.

सकाळी अकरा. रिकामी वेळ. मोठ्या फाटकावरचे रखवालदार काका शनिवारी संध्याकाळीच पाळी संपवून दोन दिवसांच्या सुट्टीवर गेले होते, ते आज आले. खिडकीच्या मागच्या दारातून आत डोकावून हसत म्हणाले, "काय ताई, झाली का भेट मायलेकींची?"

मी म्हटलं, "कसली भेट?"

"अहो, शनिवारी! पोर तासभर उभी होती तुमच्या रांगेत. मी म्हटलं तीन नंबरला जा, तिथे रांग छोटी आहे. तर म्हणे, नाही काका, दोनच. म्हटलं, मागच्या दारानं नेतो चल, लहानपणी यायचीस तशी. तर म्हणे, नको, आई चिडेल. आणि मग तिकिटं घेऊन आत जायचं सोडून उलटी निघाली की! मी हाक मारली, पण त्या गर्दीत काय ऐकू जातंय."

मी म्हटलं, "कोणती?" मूर्खासारखं! कोणती म्हणे! एकच तर आहे मला.

"ती चिमुरडी सोबत होती ती," काका म्हणाले. "मी तर चाटच पडलो. म्हटलं, ही इथेच वाढलेली पोर, शाळा सुटली की तुमच्या स्टुलाखाली बसून गृहपाठ करायची, हिला शनिवार माहीत नाही?"

काका गेले. मी बसून राहिले. एक माणूस आला, त्यानं तीन मोठी मागितली असताना त्याला तीन लहान दिली.

तो हात. अंगठ्याला चिकटपट्टी लावलेला तो हात. लोकांच्या हातांवरून त्यांची खानदानं सांगणारी मी — पोटच्या मुलीचा हात ओळखला नाही! त्या हाताला मी म्हटलं, जीभ घरी ठेवून आलात का. दुसऱ्यांदा ओरडले, चला पुढे. आणि त्या पोरीच्या हातावर चापट मारली. आणि मग दीड तास विजेरी घेऊन त्यांनाच शोधत हिंडले, शिव्या घालत!

आणि हात असा का? माझ्या लेकीचे हात असे नव्हते. कागदांवर सह्या करणारे हात होते ते. काय करायला लावतोय तो तिला?

संताप संताप होतोय. तिचा, त्याचा, साहेबांच्या त्या नियमांचा. सगळ्यांची नावं घेऊन झाली तरी एक उरतंच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले आणि काचेवरचे नियम खरवडून काढले. सगळे! पाणी मारलं, चमच्यानं ओरबाडलं, दोन नखं तुटली. साहेब आले आणि उभेच राहिले. "हे काय चालवलंय?" म्हटलं, "मला बाहेरचं दिसत नाही." "सतरा वर्षं दिसत होतं ना?" म्हटलं, "नव्हतं!" एवढ्या जोरात म्हटलं की तीन नंबरवालीनं डोकं बाहेर काढलं.

मग शनिवारचं सांगितलं. अहवाल मागे घेते म्हटलं, लेखी. साहेब म्हणाले, "तुमची स्वतःची मुलगी आली, आणि तुम्हाला कळलं नाही?" सगळ्यांसमोर. चिडायला हवं होतं. मी खरवडलेले कागद गोळा करायला लागले.

टिकटिकीकडे तळावर गेले. म्हटलं, तू बरोबर होतीस. ती म्हणाली, "असू दे ताई." असू दे काय! चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. उलट मला म्हणते कशी, "तुम्ही तिला फोन केलात का?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन लावला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वाजतो. उचलत नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझाही नाही उचलत आठवडाभर." पहिल्यांदाच कबूल केलं की हे फोन करतात. भांडायलाही सुचलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

उचलला!

तिकडून नुसतं, "हं." मागे यंत्राची घरघर, कुणीतरी मोठ्यानं चादरींचे आकडे मोजतंय. मी ठरवलं होतं शांत बोलायचं. तोंड उघडलं आणि निघालं काय — "तुला शनिवार माहीत होता! मग विचारलंस कशाला?"

ती म्हणाली, "दुसरं काय विचारायचं आई तुला? तेवढं एकच आहे, ज्याचं तू उत्तर देतेस."

तिथे यंत्र घरघरतंय, इथे मी.

मग म्हटलं, "मी खोटं सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"मग आलीस कशाला?"

"तू वेळ दिलीस. बऱ्या वेळेची वाट बघत बसले असते तर अजून अकरा महिने गेले असते."

म्हटलं, घरी का नाही आलीस सरळ? हे मी विचारतेय, मी! ती जरा हसल्यासारखी झाली. म्हणाली, "दारात यायचं नाही म्हणाली होतीस. खिडकीचं काही बोलली नव्हतीस."

हसू की रडू! माझीच कार्टी. माझंच बोलणं धुऊन, घडी घालून परत दिलं मला.

विचारायचं होतं — हात असे कशानं झाले, हे यंत्र कसलं, तू कुठे आहेस, तो कुठे आहे. तेवढ्यात तिकडून कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "ठेवते, काम आहे."

मी ओरडले, "मंगळवार! साडेदहा! खरं सांगतेय!"

तिनं फोन लगेच ठेवला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शहाण्यांची गर्दी. घरी आल्यावर डोकं दुखतंय. हे म्हणाले, "उद्या मीही येऊ का?" म्हटलं, नको, दोघांना बघून बुजेल. दहा मिनिटांनी म्हटलं, या, पण तिकीट काढून या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आली. साडेदहाला पाच कमी असताना. हे तिकीट हातात धरून फाटकाशी उभेच होते. काचेतून लांबूनच दिसल्या. मोठी, लहान, आणि दोघींच्या मधे एक मोठी बॅग, एकेक कान धरून ओढत आणलेली.

तो जूनमध्येच निघून गेलाय. पोरीला हिच्याकडे टाकून, पत्ता न ठेवता. पाच महिने ही हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरी धुतेय आणि परक्या पोरीला शाळेत पाठवतेय. ह्यांनाही कळू दिलं नाही. कारण आई म्हणेल, मी सांगितलं होतं.

मी म्हटलं नाही. ओठांवर आलं होतं. खिडकी बंद केली, बाहेर गेले आणि बॅग उचलली. केवढी जड!

तर ती लहानी माझ्याकडे बघून म्हणते, "त्या दिवशी रांगेतपण आणली होती."